नऊ नंबरचे बूट

अंबत्तूर, चेन्नई
५ ऑगस्ट २००७

चि. आशिष यास दत्तूमामाचे आशीर्वाद.

घरात फोन असताना मामा पत्र का खरडतोय, असं तुला वाटेल. फोनवर तुझी मामी माझ्या हातातून रिसीव्हर घेते, तुझा आवाज ऐकते आणि रडायला लागते. मग तू तिकडे गप्प, ती इकडे गप्प, आणि मी मध्ये खांबासारखा उभा. त्यापेक्षा कागद बरा.

काम सांगतो. मला मोटारसायकलवर घालायचे बूट हवे आहेत. टिकाऊ, आणि पाण्याचा थेंब आत न घेणारे. नंबर नऊ. संकेतसाठी. घाबरू नकोस, मामाचं डोकं ठिकाणावर आहे.

तेराव्याला आपण छत्री आणि जोडे दान दिले होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून तूच रबरी स्लिपर आणल्या होत्यास. तेव्हा कुणाचं लक्ष कशात होतं? परवा मामी भेंडी चिरता चिरता म्हणाली, "वर्षभर तो वाटेवर असतो म्हणतात. मध्ये ती वैतरणी. जगाची घाण वाहते तिच्यात. आणि आपण त्याला स्लिपर देऊन धाडलं." एवढं बोलून पुन्हा भेंडी चिरायला लागली.

तू तिचं ऐकून हसू नकोस. एन्नोरच्या रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून तो रोज कामावर जात होता, पायात कॅनव्हासचे बूट, घोट्याला किक लागून खरचटलेलं. त्या खरचटलेल्या जागेतून ते पाणी अंगात गेलं. डॉक्टर म्हणाले उंदरांच्या मुताचं पाणी, त्याचा ताप. आठवडाभरात पोरगा गेला. तिला आता तेच पाणी पुढेही दिसतं.

मी हे मानतो की नाही ते विचारू नकोस. मी जन्मभर सरकारी कारखान्यात लष्कराचे तंबू तपासले. वरून पाणी सोडायचं, आतून हात फिरवायचा, ओल लागली की शिक्का मारायचा, नापास. तंबूतलं मला कळतं, बुटातलं कळत नाही. तू आणि तो लडाखपर्यंत गाड्या घेऊन गेला होतात, तेव्हा तूच सांग काय बघायचं ते. यंदा अधिक महिना आल्यामुळे वर्षश्राद्ध नोव्हेंबरच्या शेवटाला आहे. त्याच्या आत बूट हवेत.

तुझा
दत्तूमामा


पुणे
१४ ऑगस्ट २००७

ती. दत्तूमामांना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून हसलो नाही. दोनदा वाचलं आणि खिशात ठेवून दिवसभर हिंडलो.

बुटांचं सांगतो. गमबूट अजिबात घेऊ नका. पाणी आत येत नाही हे खरं, पण रबराच्या जाड तळव्यातून पायाला गिअर कळत नाही, आणि गाडी पडली तर घोट्याला त्याचा काडीचा आधार नसतो. बूट घोट्याच्या चांगला वर जायला हवा. जाड चामडं, तळवा नुसता चिकटवलेला नको, शिवलेला हवा. डाव्या पायावर, गिअरचा दांडा लागतो तिथे, चामड्याचा जादा तुकडा पाहिजे, नाहीतर वर्षात भोक पडतं. लांब नाड्या नकोत, त्या दांड्यात अडकतात. सगळ्यात महत्त्वाची ती जीभ. ती दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली असली पाहिजे. सुटी असली तर पाणी तिथूनच शिरतं, मग बाकी बूट कितीही भारी असो.

आणखी एक. ज्या बुटात बाहेरचं पाणी येत नाही, त्यातून आतला घामही सहज बाहेर जात नाही. तासाभरानं मोजा दमट लागला म्हणजे बूट गळतो असं समजून बिचाऱ्या दुकानदाराशी भांडू नका.

चेन्नईत पेरियमेटला चामड्याचा बाजार आहे. परदेशी जाणारे आणि काही कारणानं राहिलेले बूट तिथे मिळतात, संकेतनंच मला सांगितलं होतं. नऊ नंबर बरोबर आहे. लहानपणी गणपतीत आम्ही एकमेकांचे बूट घालून पळायचो, त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे.

माझं ठीक चाललंय. पाऊस आहे, गाडी आहे, ऑफिस आहे.

तुमचा
आशिष


अंबत्तूर
१६ सप्टेंबर २००७

चि. आशिष यास आशीर्वाद.

काल गणपती बसले. आमच्याकडे वर्षाच्या आत सण नाही, तेव्हा मी दिवसभर बुटांपुढे बसलो होतो.

पेरियमेटला माझ्या चार खेपा झाल्या. आता मी गल्लीत शिरलो की दुकानदार एकमेकांना डोळा मारतात. पहिला जोड दिसायला राजबिंडा, पण त्याची जीभ सुटी. नापास. दुसऱ्याची जीभ शिवलेली, पण बाजूला चेन. चेनीचे दात म्हणजे पाण्याला उघडं दारच. नापास. तिसरा मी घरी आणला. आत वर्तमानपत्र कोंबलं आणि बादलीत उभा केला. सकाळचा ठेवलेला दुपारी काढला, तर टाचेजवळ कागद ओला. नापास. तो परत घेईनात, तेव्हा मी हॅक्सॉनं मधोमध कापून पाहिला. शिवणीच्या भोकांवर आतून पट्टीच लावलेली नव्हती. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढ्या बारकाईनं तर कारखान्यात तंबूही कधी बघितला नसेल तुम्ही." मी म्हटलं, तंबू गळला तर शिपाई भिजतो.

चौथा जोड अंबूरच्या चामड्याच्या कारखान्यातला, कुठल्यातरी थंड देशासाठी बनवलेला. जीभ शिवलेली, आतून पट्ट्या, गिअरपाशी तुकडा, सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे. बादलीत दोन दिवस ठेवला, कागद कोरडा. पण डाव्या टाचेच्या शिवणीत एक टाका मला सैल वाटतो आहे. मनाला पटत नाही. अजून बघतो.

तुझा
दत्तूमामा


पुणे
२५ सप्टेंबर २००७

ती. मामांना नमस्कार.

रागावणार असाल तर पत्र इथेच घडी करून ठेवा, जेवण झाल्यावर वाचा.

एक टाका सैल वाटला म्हणून तुम्ही दोन दिवस कोरडा राहिलेला बूट बाजूला ठेवलात. पाचवा आणलात तरी त्याच्यात काहीतरी सापडेल. सहाव्यातही सापडेल. मामा, तुम्हाला बूट पास करायचाच नाहीये. जोवर बूट मिळत नाहीत तोवर दान नाही, दान नाही तोवर वर्षश्राद्ध अर्धवट, आणि तोवर तो वाटेवरच. पण मामी म्हणते ते खरं असेल, तर तो त्या वाटेवर आज रबरी स्लिपर घालून चालतोय. तुम्ही बादलीपाशी बसलाय आणि त्याचे पाय तिकडे ओले होतायत.

आणि बादलीनं तसंही काही कळत नाही. उभा बूट गळत नाही. पाय वाकतो, टाच उचलते, गिअर टाकताना चवडा वर जातो, तेव्हा शिवण उघडते आणि पाणी शिरतं. बुटाची परीक्षा पाय घालूनच घ्यावी लागते. नऊ नंबरचा पाय.

फार बोललो. क्षमा करा.

आशिष


अंबत्तूर
१२ ऑक्टोबर २००७

चि. आशिष यास आशीर्वाद.

जेवण व्हायच्या आधीच वाचलं. रागावलो. चार दिवस रागावलेलाच होतो. पाचव्या दिवशी राग कुठे गेला कळलं नाही, मागे नुसतं खरं उरलं. खरं आहे तुझं. दुकानातून बूट घरी आणला की मला वाटतं, आज संकेतसाठी काहीतरी काम आहे. काम संपलं तर मी करू काय?

म्हणून चौथा जोड घेऊन गुरुजींकडे गेलो. जयतीर्थ आचार्य तुला आठवतील, तंजावरचे, पंचा खोचून मोपेडवरून घरोघर जाणारे. त्यांची मराठी आपल्या खापरपणजोबांच्या वेळची, वर तमिळचा हेल. त्यांना माझी अडचण सांगितली. पाय घालून रस्त्यावर फिरवल्याशिवाय हा बूट पास करता येत नाही. आणि एकदा पायात घातला की तो वापरलेला झाला, मग दान देता येत नाही. दानाला कोरीच वस्तू लागते. कोरा बूट पास होत नाही आणि पास झालेला बूट चालत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा पेच मला पडला नव्हता.

गुरुजी हसले नाहीत. बूट हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "अय्यो, पंत, उलटें कां करतां? आधीं दान देऊन टाका की. मग घेतलेला माणूस पायांत घालून जाऊं दे. तो घालून चालला तरच तुमच्या लेकराला पोंचतें. कपाटांत ठेवला तर कोणालाच नाहीं." मी विचारलं, देऊ कुणाला? तुमचा पाय सहाचा. तर ते म्हणाले, "भाचा आहे की नाहीं? शंभर ब्राह्मण एकीकडे, एक भाचा एकीकडे."

माझा भाचा तूच. नंबरही नऊ.

वर्षश्राद्धाच्या आधी काही दिवस ऊनाब्दिक असतं, वर्ष भरत आल्याचं श्राद्ध. त्या दिवशी दान देऊ. मग तू ते घालून संकेतच्या गाडीवरून एन्नोरपर्यंत जाऊन ये. गाडी मी दर रविवारी चालू करून ठेवतो. तोवर इथला पाऊस लागलेलाच असेल, पाण्याची चिंता नको.

जमेल ना? मामीला अजून सांगितलेलं नाही.

तुझा
दत्तूमामा


अंबत्तूर
१७ ऑक्टोबर २००७

चि. आशिष यास मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामांनी मला काल सांगितलं. वाण्याची यादी सोडली तर मी वर्षभरात काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तू येऊ नकोस. म्हणजे ये, चार दिवस राहा, तुला आवडते ती चिंचगुळाची आमटी करीन. पण गाडीला हात लावायचा नाही. मला बूट हवे होते, तुझे पाय नको होते. एक गेला तेवढा पुरे. वन्संनी मला फोनवर सगळं सांगितलंय. वर्षभर तू गाडीवर बसलेला नाहीस, ऑफिसच्या बसनं जातोस, पाऊस असला तर सुट्टी घेतोस. मामांना मात्र लिहिलंस, पाऊस आहे, गाडी आहे. ते बिचारे खरं मानून बसलेत. मी त्यांना काही बोलले नाही. बसनं जातोस तेच बरं आहे. जात जा.

दान गुरुजींना देऊ. घालतील नाहीतर कुणाला देतील.

तुझी
मामी


पुणे
२६ ऑक्टोबर २००७

सौ. मामीस नमस्कार.

आईच्या पोटात काही राहत नाही.

खरं आहे, मी गाडी चालवत नाही. पायावर पाणी उडालं की मला संकेतचे दवाखान्यातले डोळे दिसतात, हळदीसारखे पिवळे. त्या दिवशी त्यानं मला विचारलं होतं, "गाडी आत घेतली का रे, भिजत असेल." मी घेतली म्हटलं. त्यानंतर किल्ली हातात घेतली की ती परत खुंटीला लावतो. पुण्याच्या साध्या डबक्यालाही मी भितो. मामी, मी सत्तावीस वर्षांचा आहे. असं किती वर्षं बसच्या खिडकीतून बघत जाऊ?

तू म्हणतेस तो वाटेवर आहे. असेल. मीही वाटेवरच अडकलोय. मलाही ते पाणी एकदा ओलांडायचं आहे, आणि ते त्याच्या बुटात ओलांडलं तर बरं. मला भीती वाटते, खूप वाटते, ते तुझ्यापासून लपवत नाही. म्हणूनच नीट जाईन. इथल्या डॉक्टरांना विचारलं, अशा पाण्यात जाण्याआधी घ्यायची गोळी असते, ती घेऊन येईन. निघायच्या आधी तू माझे पाय तपास. एवढासा जरी ओरखडा दिसला तरी मी गाडीवर बसणार नाही. तू नको म्हणालीस तर बूट काखोटीला मारून परत जाईन. पण आधी बघ, मग सांग.

आमटी मात्र करच.

आशिष


पुणे
३ डिसेंबर २००७

ती. मामा आणि मामीस साष्टांग नमस्कार.

आगगाडी वेळेवर पोहोचली. तिथे असताना मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

आधी ऊनाब्दिकाचं. मामा, तुम्ही माझ्यापुढे खाली बसून माझे पाय धुवायला लागलात तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. मोठ्यांनी पाय धुवायचे म्हणजे काय! मामी वरून पाणी घालत होती, गुरुजी मंत्र म्हणत होते, आणि मामीचं मंत्रांकडे मुळीच लक्ष नव्हतं. ती तांब्या खाली ठेवून माझ्या बोटांच्या बेचक्या एकेक करून बघत होती. घोट्यापाशी तिचं बोट थांबलं. तिथे काहीच नव्हतं, पण ती तिथेच हात ठेवून राहिली. गुरुजीही थांबले. मग मामी म्हणाली, "जा." बाकी त्या दिवशीचं मला फारसं आठवत नाही, तो एक शब्द आठवतो.

तुम्ही दोघं फाटकात उभे होतात तोवर मी ताठ होतो. कोपरा वळल्यावर गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ तसाच बसलो. पाऊस पडत होता. मग पहिला गिअर टाकला. चामड्याचा तो तुकडा नेमका दांड्याखाली आला, त्याचा का कोण जाणे फार धीर आला.

मणलीच्या पुढे कंटेनरच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या आणि त्यांच्या कडेनं पाणी. काळं, तिथल्या वीजकेंद्राच्या राखेनं दाट झालेलं. पाय ठेवायच्या दांडीपर्यंत आलं. इंजिन बंद पडू द्यायचं नाही, पहिल्या गिअरवर एकसारखा जोर ठेवायचा, हे संकेतनंच मला शिकवलं होतं. एका खड्ड्यात गाडी कलली आणि माझा डावा पाय पाण्यात गेला, घोट्याच्या वरपर्यंत. मी ओरडलो. खरंच ओरडलो, लॉरीवाले बघायला लागले. वाट बघत होतो की आता गार लागेल, आता लागेल. लागलं नाही. पाय टेकवून गाडी सरळ केली आणि निघालो.

एन्नोरला त्याच्या चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्यानं माझ्याकडे बघितलंच नाही, गाडीकडे बघितलं. आमचा तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, कुठे, फार दिवसांत आला नाही, असं तो तमिळमध्ये विचारत होता. मला त्या भाषेत सांगता येईना. शेवटी हातानं लांब दाखवलं आणि म्हटलं, पोहोचला. त्याला काय कळलं देव जाणे. चहाचे पैसे घेतले नाहीत.

परत आलो तेव्हा तुम्ही दोघं दारातच होतात. मी बूट उंबऱ्याबाहेर काढले आणि सरळ आंघोळीला पळालो, कारण मला रडू आवरत नव्हतं. बाहेर आलो तर मामी देवापाशी आणि मामा, तुम्ही खुर्चीत डोळे मिटून. काय झालं ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बूट पास झाले की नाही, तेवढं कळवा. आज मी ऑफिसला गाडीनं गेलो.

आशिष


अंबत्तूर
११ डिसेंबर २००७

चि. आशिष यास आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगतो.

तू आंघोळीला गेलास आणि मी बूट उचलायला वाकलो. पण तुझी मामी माझ्या आधी खाली बसली. बुटाच्या तोंडाशी तू काढून टाकलेले मोजे होते, मामीनंच सकाळी दिलेले, पांढरे. तिनं डावा मोजा हातात घेतला, मुठीत दाबला, आणि तिचा चेहरा उतरला. मोजा ओला होता. चिंब नाही, पण ओला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शिरलंच ना पाणी. शेवटी शिरलंच." आशिष, गेल्या वर्षी दवाखान्याच्या दारात ज्या आवाजात बोलली होती त्याच आवाजात.

मला तो डाव्या टाचेचा टाका आठवला. मोजा मी तिच्या हातातून घेतला आणि उजेडात नेला. टाचेशी पाहिलं, शिवणीपाशी पाहिलं, उलटा करून पाहिला. ज्या पाण्यातून तू गेलास त्यात राख असते. ते आत आलं असतं तर मोजा काळा झाला असता. मोजा सकाळी होता तसाच पांढरा होता, आणि ओल सगळीकडे सारखी, तळव्याला थोडी जास्त. मग नाकाशी नेला. इतकी वर्षं तंबू हुंगले, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

मी तिला म्हटलं, "विद्युलते, हे पाणी नाही. हा घाम आहे."

ती म्हणाली, "घाम?"

मी म्हटलं, "जिवंत पायाला घाम येणारच."

तिनं मोजा परत घेतला, चेहऱ्यावर धरला आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळं रडली. तुला आत पाण्याचा आवाज येत होता म्हणून ऐकू गेलं नसेल. रडून झाल्यावर उठली, मोजे स्वतः धुतले, दोरीवर घातले आणि देवापाशी गेली. तू निघालास त्या दिवशी तुझ्या पिशवीत वर तेच ठेवले आहेत.

बूट पास आहेत. घालत जा.

दत्तूमामा